अंबिका, वय वर्षे चार

इंदूरच्या मिलला कुलूप लागलं, तरी लक्ष्मीकांत पुढचे कित्येक महिने रोज सकाळी सातला फाटकापर्यंत जाऊन येत असे. साचेखात्यात अठरा वर्षं काढलेली. मागांच्या खडखडाटाची कानांना इतकी सवय, की घरातली शांतता त्याला सोसेना. फाटकापाशी त्याच्यासारखेच पाचपंचवीस जण उभे असत. "खुलेगी भिया, दिवाली बाद खुलेगी," असं कुणीतरी म्हणे, मग चहा पिऊन सगळे पांगत. दिवाळी झाली, होळीही झाली. त्याची बायको मंजिरी भंवरकुआंच्या कोचिंगवाल्या मुलांसाठी डबे करू लागली. लक्ष्मीकांत कांदे चिरून देई, सायकलवरून डबे पोचवी, आणि अकरानंतर पुन्हा मोकळाच.

अशाच एका रिकाम्या दुपारी तो राजवाड्याजवळच्या मराठी वाचनालयात जाऊन बसला. तिथले ग्रंथपाल शंकरराव पंख्याखाली पेंगत होते.

"लक्ष्मीकांतजी, रोज आजचाच पेपर चार चार वेळा वाचता," एकदा ते म्हणाले. "वरच्या माळ्यावर जुन्या पेपरांचे गठ्ठे पडलेत. वाळवी लागायच्या आत जरा बघून देता का?"

माळ्यावर इंदूरच्या एका मराठी साप्ताहिकाचे सन तीसपासूनचे अंक पडून होते. लक्ष्मीकांत एकेक अंक झटकून, ऊन दाखवून, सालवार लावून ठेवू लागला, आणि ठेवता ठेवता वाचू लागला. सराफ्याच्या बोळात उंट अडकला आणि भिंत पाडून सोडवावा लागला. पैजेवर एकेचाळीस जिलब्या खाणारा एक न्हावी तसाच देवासपर्यंत चालत गेला. कुणा वकिलाचा फक्त डाव्या पायाचा जोडा चोरीला गेला, तर त्याने उजवा फाटकावर टांगून चोराला तोही न्यायचं जाहीर आमंत्रण दिलं. हे सगळं तो घरी येऊन आईला सांगे. सखुबाई साठीच्या होत्या, त्यांना वाचता येत नव्हतं. भाजी निवडता निवडता त्या ऐकत आणि हसत. मिल बंद झाल्यापासून घरात कुणी हसलं तर ते या वेळी.

एक दिवस मात्र त्या हसल्या नाहीत. भाजी बाजूला सारून म्हणाल्या, "हरवलेल्या पोरींचं पण छापत होते का रे त्यात?"

लक्ष्मीकांतला त्यांची हकीकत ठाऊक होती, जशी चाळीत सगळ्यांना होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मिलच्या फाटकात कापसाच्या बैलगाड्या उभ्या होत्या. त्यातल्या एका गाडीत, कापसात रुतून झोपलेली एक पोर सापडली. फाटकावर गोपीनाथ नावाचे खानदेशी जमादार होते. गाड्या सांवेरकडून आल्या होत्या, म्हणून गोपीनाथांनी सांवेरच्या वाटेवरच्या गावागावांत विचारलं. कुणाचीच पोर हरवलेली नव्हती. पोर आठ दिवस तोंडातून अक्षर काढीना. जमादारीणबाईंनीच तिला सखू म्हणायला सुरुवात केली, आणि तेच नाव राहिलं. त्यांनी तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं, मिलमधल्याच एका चांगल्या मुलाला दिली. सखुबाईंची कसलीही तक्रार नव्हती. पण इतक्या वर्षांत त्यांनी हा प्रश्न तोंडाबाहेर काढला होता, तो आजच.

"आपल्याला कुणी शोधलं का, एवढंच बघ," त्या म्हणाल्या. "नसेल तर नसेल."

साल नक्की माहीत नव्हतं. लक्ष्मीकांत दर वर्षीच्या दसऱ्यानंतरचे अंक काढून बसू लागला. सदतीस सालच्या एका शनिवारच्या अंकात, चौथ्या पानावर, केसाच्या तेलाच्या जाहिरातीखाली ते सापडलं.

'हरवली आहे. अंबिका, वय वर्षे चार, सावळी. उजव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. दसऱ्याच्या स्वारीच्या गर्दीत राजवाड्यासमोरून चुकली. कळवावे. तुकोजी शेळके, सरकारी पागा.'

त्याने ते तीनदा वाचलं. आईला चपला मिळायला किती त्रास व्हायचा ते त्याला लहानपणापासून माहीत होतं, आणि कापसाच्या गाड्या आदली रात्र राजवाड्याजवळ काढून मिलवर येत, हेही. मग तो पुढचे अंक चाळत गेला. तीन आठवडे तीच जाहिरात होती, नंतर नव्हती. तो उठणारच होता, पण काय वाटलं कोण जाणे, त्याने पुढच्या वर्षीचा दसऱ्याचा अंक उघडला. तिथे होतं, 'अंबिका, आता वय वर्षे पाच.' त्याच्या पुढच्या वर्षी सहा. मग सात, आठ. बेचाळीस साली 'आता वय वर्षे नऊ', पण खाली तुकोजींचं नाव नव्हतं. 'यशोधरा शेळके, अंबिकेची आई' असं होतं. त्रेचाळीस साली दहा. पुढे साप्ताहिकच बंद पडलं होतं. लढाईत कागद मिळेना, असं शेवटच्या अंकात संपादकांनी लिहिलं होतं.

शंकररावांनी ते गठ्ठे घरी न्यायला दिले. नियमात बसत नव्हतं. "न्या," इतकंच म्हणाले आणि बांधायला सुतळी काढून दिली.

सखुबाईंनी सातही वर्षांच्या जाहिराती ओळीने ऐकल्या. मग साडीचा काठ वर करून आपल्या पायाकडे बघत बसल्या.

"अंबिका," त्या हळूच म्हणाल्या, जणू दुसऱ्या कुणाला हाक मारून बघताहेत. आणि थोड्या वेळाने, "मिलपासून राजवाडा किती रे?"

"दोन-अडीच मैल."

"गोपीनाथबाबांना वाचता येत असतं तर," एवढं बोलून त्या थांबल्या. "नको. त्यांना बोल नको."

दुसऱ्या दिवशी मायलेक टेंपोने राजवाड्याला गेले. विचारत विचारत शेळक्यांची गल्ली सापडली. घराच्या जागी टीव्ही-मिक्सरचं चकाचक दुकान होतं. शेजारच्या घरात मात्र प्रेमलताबाई म्हणून सत्तरीच्या एक बाई निघाल्या. लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्या याच घरात होत्या. लक्ष्मीकांतने कशासाठी आलो ते सांगितलं, तेव्हा त्यांनी आधी सखुबाईंना नीट न्याहाळलं, मग आत बोलावून पाणी दिलं.

"यशोधराकाकू एकट्याच राहायच्या," त्या सांगू लागल्या. "देवासहून भाऊ आले, चल म्हणाले. गेल्या नाहीत. म्हणायच्या, पोरगी आली तर कुठे जाईल? सारे समझाते थे. अठ्ठावन्न साली गेल्या, त्याच घरात."

"अठ्ठावन्न?" सखुबाईंनी विचारलं. "तेव्हा मी यायची इथे. या गल्लीच्या तोंडाशी बांगडीवाला बसायचा ना? हा सहा वर्षांचा होता, याचं बोट धरून यायची."

प्रेमलताबाईंनी सखुबाईंचा हात हातात घेतला. लक्ष्मीकांत बाहेर ओट्यावर जाऊन उभा राहिला. दुकानातले दहा टीव्ही एकच चित्र दाखवत होते.

निघताना सखुबाईंनी एकच विचारलं, "त्यांना काय आवडायचं?"

"घट्ट ताकाची कढी," प्रेमलताबाई म्हणाल्या. "आणि मोगरा. घाम यायचा तरी गर्मीत स्वैपाकघराची खिडकी लावून घ्यायच्या, कढीचा वास घरातच राहावा म्हणून."

आठवड्याभराने एका सकाळी मंजिरी डबे भरत असताना सखुबाईंनी लक्ष्मीकांतला कागद-पेन्सिल घेऊन बसवलं.

"लिही. इतक्यांदा विचारलंय त्यांनी. उत्तर द्यायला नको?"

"आई, तो पेपर बंद होऊन पन्नास वर्षं झाली."

"मग चालू असेल त्यात दे."

चालू असलेला पेपर हिंदी होता, रंगीत, सोळा पानांचा. त्याच्या ऑफिसात काउंटरवर शर्वरी नावाची मुलगी बसली होती. तिने फॉर्म पुढे केला. "विवाह, मकान, की खोया-पाया?"

"पाया," लक्ष्मीकांत म्हणाला.

तिने मजकूर वाचला, मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, परत वाचला, आणि मराठीतला हिंदीत आणताना प्रत्येक शब्द त्याला विचारून विचारून लिहिला.

शनिवारी ते छापून आलं. अंबिका, वय साठ, सापडली आहे. दसऱ्याच्या गर्दीतून कापसाच्या गाडीत झोपी गेली होती. चांगल्या घरात वाढली. मुलगा, सून आहेत. यशोधरा व तुकोजी शेळके यांना कळावे.

लक्ष्मीकांतने मोठ्याने वाचून दाखवलं. सखुबाईंनी ती चौकट बोटाने चाचपली.

"किती घरांत जातो रे हा पेपर?"

"लाखभर तरी."

"इतक्या घरांत," त्या म्हणाल्या. "तेव्हाचा एका घरात गेला असता तर."

मग त्यांनी पेपर घडी करून उशीखाली ठेवला आणि मंजिरीला म्हणाल्या, आज डब्यात कढी दे, मी करते.