अठरा मिनिटं

नरहर पिंपळखुट्यांच्या गाडीत बसायचं म्हणजे आधी परीक्षा द्यावी लागे. पट्टा लावला का, मुलं मागे बसली का, कोणाचा हात खिडकीबाहेर आहे का, हे सगळं बघून झाल्याशिवाय किल्ली फिरायची नाही. दोन हजार आठ सालची ही गोष्ट. तेव्हा भोपाळात मागच्या सीटवर पट्टा लावून बसणारा माणूस शोधून सापडला नसता. बहुतेकांच्या गाडीत ते पट्टे सीट कव्हरच्या खाली कायमचे गाडले गेले होते. पण नरहररावांचं म्हणणं एकच. पटत नसेल तर उतरा, चौकात टेम्पो मिळतो.

त्यांच्या वसाहतीतली, म्हणजे इंद्रपुरीतली माणसं हसायची आणि तरी त्यांच्याच गाडीत पोरं पाठवायची. कारण आत कुठेतरी प्रत्येकाला माहीत होतं की या माणसाच्या हाती दिलेलं पोर जसंच्या तसं परत येतं.

तीस वर्षं त्यांनी जवळच्या मोठ्या कारखान्यात सुरक्षा विभागात काढली होती. मूळचे अमरावतीकडचे, नोकरीसाठी आले ते इथलेच झाले. त्यांचं खरं काम मोठमोठ्या टाक्यांच्या तोंडाशी उभं राहायचं. आत वेल्डिंगच्या जोडकामाला माणसं उतरायची, आणि उतरताना प्रत्येकाने आपला पितळी बिल्ला बाहेरच्या खिळ्यावर टांगायचा. काम संपलं की ज्याने त्याने बाहेर येऊन स्वतःच्या हाताने बिल्ला काढायचा. खिळा रिकामा झाल्याशिवाय झाकण लावायचं नाही, मग मोठा साहेब येऊन बोंबलू दे. एकदा असाच एक बिल्ला उरला होता, तर त्यांनी दीड तास काम थांबवून धरलं. माणूस कँटीनमध्ये भजी खात बसलेला सापडला. साहेबाने नरहररावांना झाप झाप झापलं, आणि ते शांतपणे म्हणाले, "आत मेलेला सापडला असता तर चाललं असतं का?"

त्या वर्षी मे महिन्यात त्यांची सून सुचेता अडीच वर्षांच्या मुक्ताला घेऊन पुण्याहून आली. मुलगा हेमंत नोकरीत अडकलेला, तो नंतर येणार होता. सुचेताने सामानाबरोबर लहान मुलांची गाडीत बसवायची खुर्ची आणली होती. नरहररावांना तर हर्ष झाला. ती खुर्ची त्यांनी आपल्या सीटच्या बरोबर मागे बसवली, पट्टा ओढून ओढून पाहिला, आणि मागच्या दोन्ही दारांना मुलांचं लॉक लावलं, म्हणजे आतून कितीही खेचलं तरी दार उघडायचं नाही. पोरीला ऊन लागू नये म्हणून मागच्या काचांना काळी फिल्मही चढवून घेतली.

शेजारच्या सरोजताई किनखेडे कुंपणापलीकडून बघत होत्या. "एवढ्याशा पोरीला खुर्चीला बांधून काय नेता? मांडीवर घेतलं की झालं."

"सरोजताई, ब्रेक मारला तेव्हा तुमच्या मांडीवरचा साबुदाण्याचा डबा कुठे गेला होता?"

"पुढच्या काचेवर," सरोजताई म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. पण त्यांना पटलं नाही ते नाहीच.

आता इंद्रपुरीच्या या कारखाना-टाऊनशिपची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तिथे पोर कोणाचं हे फक्त रात्री झोपताना ठरायचं. दिवसभर ते कोणाच्याही स्वयंपाकघरात जेवायचं, कोणाच्याही पलंगावर लवंडायचं. आई हाक मारायची तीसुद्धा सवयीने. पोर दिसत नाही म्हणजे शेजारी आहे, शेजारी नाही म्हणजे पलीकडे आहे. पन्नास वर्षांत एक पोर हरवलं नव्हतं. या रीतीचा सगळ्यांना फार अभिमान होता. नरहररावांनाही होता.

टाऊनशिपमधल्याच विनायक कुकड्यांच्या नातवाची मुंज तिथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये होती. सकाळी नरहररावांनी बायको मनोरमाबाई आणि सुचेता यांना लवकर नेऊन सोडलं, कारण दोघींकडे स्वयंपाकाची देखरेख होती. मुक्ता घरी झोपली होती, तिच्याजवळ सरोजताई बसल्या. "झोप झाली की घेऊन या, बाबा," सुचेता म्हणाली होती. साडेअकराला दुसरी फेरी निघाली. पुढे सरोजताई, मांडीवर चिवड्याचा डबा. मागे त्यांचे दोन नातू आणि खुर्चीत मुक्ता. पोरगी जागी झाली होती खरी, पण गाडी चालू झाली आणि चौक यायच्या आत तिची मान पुन्हा कलली.

हॉलच्या दारात ही गर्दी. मागून जीप हॉर्न वाजवत होती. नरहररावांनी उतरून डावीकडचं दार बाहेरून उघडलं, दोन्ही नातू टुणकन उडी मारून पळाले, सरोजताई डबा सांभाळत त्यांच्या मागे. तेवढ्यात विनायकराव धावत आले. "नरहरराव, लाइट गेलीय आणि जनरेटर बसलाय. मुहूर्ताला दहा मिनिटं उरली. तुम्हीच बघा आता."

नरहररावांनी गाडी भिंतीच्या कडेला गुलमोहराखाली घेतली, रिमोट दाबला, चारही दारं खट्कन बंद झाली, आणि ते जनरेटरकडे चालू लागले. डोक्यात डिझेलची नळी होती. मुक्ताचा विचारच आला नाही असंही नाही, आला होता. सरोजताईंनी नेलं असेल, असा आला आणि गेला. आणि सरोजताईंना वाटलं, झोपलेलं पोर आजोबा नेहमीसारखं खांद्यावर टाकून आणतील.

जनरेटरच्या नळीत हवा अडकली होती. त्यांनी चष्मा आणि किल्ल्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवल्या, बाह्या वर केल्या, हवा काढली, यंत्र सुरू झालं. पंखे फिरले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मंगलाष्टकं झाली. नरहररावांनी अक्षता टाकल्या. कोणीतरी पन्हं दिलं, तेही प्यायले. फार बरं वाटत होतं त्यांना, हे सांगायलाच हवं.

मुलांची पंगत आधी बसायची होती. मनोरमाबाई पानं मांडत होत्या. "अहो, मुक्ताला आणा. तिला मऊ वरणभात कालवते."

"सरोजताईंकडे असेल."

"सरोजताई तर इथे मीठ वाढतायत."

सरोजताईंनी मान वर केली. "माझ्याकडे? मी कुठे घेतलं तिला? मला वाटलं, तुम्ही खांद्यावर आणाल."

"मग सुचेताकडे असेल," मनोरमाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी नेहमीचा होता. पोर कोणाकडे तरी असणारच.

सुचेता आतून भाताचं पातेलं घेऊन आली. तिने या तिघांकडे पाहिलं. "बाबा, मुक्ता उठली का? कुठे आहे?"

खिळ्यावर एक बिल्ला उरला होता. नरहररावांना तो डोळ्यांसमोर दिसला. मग ते धावले. पासष्ट वर्षांचा माणूस पानं तुडवत, वाटेतल्या पाहुण्यांना ढकलत धावला. मागे पातेलं पडल्याचा आवाज आला, म्हणजे सुचेताला कळलं होतं.

बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. गुलमोहराची सावली फक्त बॉनेटवर होती, मागची अर्धी गाडी उन्हात. काळ्या काचेतून काही दिसेना. त्यांनी काचेला डोळे लावले, तर काच चटका देत होती. आत खुर्चीवर काहीतरी फिकट होतं, आणि ते हलत नव्हतं.

हात खिशात गेला. खिसा रिकामा. किल्ल्या जनरेटरजवळच्या खिडकीच्या कट्ट्यावर होत्या, दोनशे पावलांवर.

हातपाय गळाले असतील, असं तुम्हाला वाटेल. उलट झालं. भीती होती तिथेच राहिली आणि हात आपले आपण कामाला लागले. भिंतीचा सुटलेला दगड त्यांनी उचलला. मुक्ताच्या बाजूची काच फोडायची नाही, तुकडे तिच्यावर पडतील. ते पलीकडच्या दाराशी गेले. मधोमध मारायचं नाही, कोपऱ्यात मारायचं. पहिला घाव घसरला आणि बोटं सोलली. दुसऱ्याला काच फुटली, पण पडेना. फिल्मने सगळे तुकडे धरून ठेवले होते. हौसेने लावलेली फिल्म. त्यांनी दोन्ही हातांनी ती चादर आत ढकलली, बाह्या फाटल्या, कोपरापर्यंत रक्त आलं. आतून मुलांच्या लॉकमुळे दार उघडणार नव्हतं, म्हणून ते खिडकीतून अर्धे आत शिरले. आतली हवा तोंडावर आली तेव्हा त्यांना हुंदका फुटला.

मुक्ताचा चेहरा लालबुंद होता, केस कपाळाला चिकटलेले, ओठ कोरडे. छातीवरच्या पट्ट्याचं लाल बटण त्यांनी त्या आठवड्यात दहा वेळा दाबलं होतं. आता ते दबेना. रक्ताने बोट निसटत होतं. "मुक्ता, ए मुक्ता, आजोबा आलेत गं." उत्तर नाही. त्यांनी अंगठ्यावर अंगठा ठेवला आणि सगळा जीव त्यात घातला. कुलूप सुटलं.

सुचेताने खिडकीतून पोरीला ओढून घेतलं. सरोजताईंनी पन्ह्यासाठी आणलेल्या बर्फाच्या पाण्यात पंचा भिजवून मुक्ताच्या अंगावर गुंडाळला, आणि विनायकरावांच्या जीपमधून सगळे टाऊनशिपच्या दवाखान्यात पोचले. दवाखान्याच्या फाटकाशीच मुक्ता रडली. बारीक, चिरकं रडणं. नरहररावांनी आयुष्यात इतकं गोड काही ऐकलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत सलाइन लावून ठेवलं. डॉक्टर म्हणाले, पोरीने नशीब काढलंय, अजून थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. नरहररावांच्या हातावर नऊ टाके पडले. ते बाकावर बसून सुनेची वाट बघत होते. ती येईल, बोलेल, ओरडेल. ओरडायला हवंच. सुचेता आली, पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली आणि परत आत गेली.

पुढचे आठ दिवस सगळी इंद्रपुरी समजूत घालायला येत होती. तुमची काय चूक, काका. गर्दीच तेवढी. जनरेटरचं निमित्त झालं. सरोजताई तर रडल्या, दोष माझाच म्हणाल्या. आणि दर वेळी नरहरराव मान हलवत. घरात सुचेता जेवायला वाढायची, औषधाची आठवण करायची, पण त्यांच्या डोळ्यांत बघायची नाही. मनोरमाबाई म्हणाल्या, "तिला वेळ द्या." नरहररावांना वेळ नको होता. त्यांना शिक्षा हवी होती, आणि ती कोणी देत नव्हतं.

कारखान्यात त्यांनी एक नियम रुजवला होता. अपघात थोडक्यात टळला, तर ज्याच्या हातून चूक झाली त्याने सोमवारी सगळ्या पाळीसमोर उभं राहून स्वतःच्या तोंडाने ती सांगायची. कारणं द्यायची नाहीत, वेळ सांगायची. पगार कापायचा नाही, पण उभं राहायचं. दांडगे दांडगे वेल्डर त्या वेळी घामाघूम व्हायचे, आणि नरहरराव त्यांच्यावर दया करायचे नाहीत.

मे अखेरीला मंडळाने मुलांसाठी घेतलेल्या उन्हाळी वर्गाचा समारोप होता. मुलांची गाणी झाली, चहा झाला. नरहरराव उठून पुढे गेले. हॉल तोच होता. हातात एक वही होती आणि हातावरचं बँडेज अजून निघालं नव्हतं. समोर शंभरेक आईबाप, आजी-आजोबा.

"चालक मी," ते म्हणाले. "दारं मी बंद केली. मागच्या सीटवर मी पाहिलं नाही. कोणी नेलं असेल असं धरून चाललो, विचारलं नाही. पोर आत होतं अठरा मिनिटं." त्यांनी वही उघडली. "यापुढे गाडी चालवताना माझी डावी चप्पल मागच्या सीटसमोर असेल. ती घ्यायला मला मागे वाकावंच लागेल. झालं. कोणाला काही म्हणायचं असेल तर म्हणा."

नरहररावांना वाटलं, आता शिव्या पडतील, आणि ते त्यासाठी तयार होते.

सरोजताई उठल्या. पदराशी चाळा करत म्हणाल्या, "गेल्या साली न्यू मार्केटला मी धाकट्या नातवाला गाडीत ठेवून साडीच्या फॉल-बिडिंगचं बघायला गेले होते. बारा मिनिटं. खिडकी दोन बोटं उघडी होती म्हणून वाचला. घरी कोणाला सांगितलं नाही." त्या बसल्या तसा मागून एक तरुण बाप उठला आणि म्हणाला, "हमारा भी हुआ है, काका. सात मिनट. आठ हो सकते हैं." नरहरराव वहीत लिहीत गेले. नावं नाही, फक्त मिनिटं.

मग तिसऱ्या ओळीत सुचेता उभी राहिली. मुक्ता तिच्या कडेवर होती, बिस्कीट खात. आठ दिवसांत पहिल्यांदा तिने सासऱ्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

"बाबा, डिसेंबरमध्ये. पुण्याला, दूध घ्यायला उतरले होते. मुक्ता आत होती, आणि मला ओळखीची बाई भेटली." तिने मुक्ताला दुसऱ्या कडेवर घेतलं. "नऊ मिनिटं. थंडी होती म्हणून काही झालं नाही. तुम्हाला बोलायला माझं तोंडच नव्हतं. हेमंतलाही अजून सांगितलेलं नाही."

नरहररावांनी पेन टेकवलं. नऊ हा आकडा काढायला त्यांना बराच वेळ लागला.