पोपटाचं उष्टं

किळस येण्याच्या बाबतीत मी लहानपणापासून बदनाम आहे. दुसऱ्याच्या तांब्यानं पाणी पिणार नाही, दुधावरची साय बोटाला लागली तर दहा वेळा हात धुणार. आमची आई कपाळावर हात मारून म्हणायची, तुला शेतकऱ्याच्या घरात कुणी जन्माला घातलं गं? त्यामुळे पेरू बघितला की मला अजूनही मळमळतं, हे सांगितलं की घरचे हसतात. नातवंडांनी तर माझं तोंड बघायला मुद्दाम पेरू आणून ठेवायचे प्रकार केले आहेत. हसू देत बापडी. त्यांनी शाळेचा तो व्हरांडा पाहिलेला नाही.

शाळा तापीकाठच्या एका मोठ्या गावात होती. शहाद्यापासून बैलगाडीच्या वाटेवर. कापूस आणि केळी पिकवणारं खातंपितं गाव. माझी ती पहिलीच नोकरी. शाळेच्या पाटीवर जीवनशिक्षण वगैरे लिहिलेलं, म्हणजे पाढ्यांच्या जोडीला टकळीवर सूत कातायचं. मास्तरांमध्ये मी एकटी बाई, म्हणून जी मुलं कुणालाच नको असत ती माझ्या दुसरीत येत. उवांनी भरलेली, चड्डी ओली करणारी, आणि ही मुलगी.

आठेक वर्षांची असेल. घर चांगलं जमीनदार, चांदीचे वाळे पायात, वेणी रोज तेल लावून घट्ट घातलेली. आजी हाताला धरून आणून सोडायची. पोर कुणाच्या तोंडाकडे बघायची नाही. घंटा म्हणून आमच्याकडे रुळाचा तुकडा टांगलेला होता, तो वाजला की कानात बोटं घालून भिंतीला चिकटायची. टकळी मात्र तिला फार आवडे. सूत नाही की पेळू नाही, नुसती टकळी फरशीवर फिरवायची आणि फिरणाऱ्या चकतीकडे बघत राहायची. आपण जे बोलू तेच ती आपल्याला परत करायची. "तुझं नाव काय?" असं विचारलं की "तुझं नाव काय?" अगदी आपल्याच सुरात. आज अशा मुलांसाठी शब्द आहे, निराळे शिक्षक आहेत, माझ्या नातीच्या शाळेत त्यांच्यासाठी निराळी खोलीसुद्धा आहे. तेव्हा गावाकडे दोनच शब्द होते, येडी आणि मुकी. ती दिवसभर बोलायची, तरी मुकीच.

आता आमचे हेडमास्तर. खादीचा सदरा, डोक्यावर कडक इस्त्रीची टोपी, आणि जिभेवर सदोदित विज्ञान. बाजाराच्या दिवशी डोंगरातून भिल्ल, पावरा माणसं मोहाची फुलं नि डिंक विकायला खाली उतरत. त्यांना रस्त्यात अडवून हे भगत-मांत्रिकांच्या नादी लागू नका म्हणून भाषण ठोकायचे. ती बिचारी ओझं डोक्यावर घेऊन उभी. एक अक्षर त्यांना कळत नसे, कारण भाषण पुस्तकी मराठीत. हे गृहस्थ घरी पोपट पाळून होते.

आमच्याकडे पक्की समजूत आहे. पोराला वाचा फुटत नसेल तर त्याला पोपटाचं उष्टं खाऊ घालायचं. पोपट बोलतो, त्याच्या चोचीचं पोटात गेलं की पोरही बोलतं. आजीनं हेडमास्तरांकडे पदर पसरला, "गुरुजी, तुमना मिठ्ठूनं उष्टं मन्ही नातीले द्या." मला वाटलं, आता डोंगरातल्या माणसांसारखं म्हातारीचंही भाषणानं पोट भरणार. छे! म्हातारीचा मुलगा गावचा पाटील, वजनदार माणूस. हेडमास्तर गंभीर होऊन म्हणाले, "हा निसर्गोपचार आहे. करून बघायला हरकत नाही. प्रयोग म्हणून." डोंगरातल्या माणसानं केलं की अंधश्रद्धा, आणि पाटलाच्या घरात केलं की प्रयोग.

प्रयोग दर गुरुवारी, प्रार्थनेनंतर, सगळ्या शाळेसमोर. व्हरांड्याच्या खुंटीला पिंजरा टांगायचा. पावसाळ्यात भिजवलेली हरभऱ्याची डाळ, हिवाळा लागला तसा पेरू. आमच्याकडे त्याला जाम म्हणतात. पोपट फोड पंजात धरायचा, दोन ठिकाणी टोचायचा आणि कंटाळून खाली टाकायचा. खाली म्हणजे कुठे? पिंजऱ्याच्या तळाशी, जिथे आठवड्याची विष्ठा नि पिसं. तिथून ती फोड आजी बोटानं उचलायची, पदराला पुसल्यासारखं करायची. हेडमास्तर डाव्या हातानं पोरीचा जबडा दाबून धरायचे. "गिळ. गिळ म्हणतो ना!" पोर लाथा झाडायची, डोळे पांढरे करायची. बहुतेक वेळा ओकायची. मग ओकलेलं पाण्यानं लोटून शाळा सुरू.

ही पोर घरून आणलेल्या भाकरीचा नुसता कोरडा पापुद्रा खायची. भाजीचा थेंब लागला तर तेवढा तुकडा बाजूला. रोज डबा उघडताना मी बघत होते. माझीच जात, म्हटलं. फरक एवढाच की माझ्या तोंडात कुणी काही कोंबत नव्हतं.

थोड्याच दिवसांत पोर, भीती वाटली की, "गिळ" म्हणायला लागली. घंटा वाजली, "गिळ". कुत्रं आलं, "गिळ". आवाज हुबेहूब हेडमास्तरांचा. आजी हरखली, "दखा बाई, पोरगी बोलाले लागनी!" मला शिसारी आली. मी हेडमास्तरांकडे गेले आणि सरळ सांगितलं की हे बंद करा, तिला हे सोसत नाही, तिला नको आहे. ते पान लावत होते. चुना पुसत म्हणाले, "नको असेल तर तिनं सांगावं. तोंड दिलंय ना देवानं?" आणि स्वतःच्याच विनोदावर हसले. लाल दात दिसले.

ठीक आहे, म्हटलं. सांगेल.

शिकवायचं कसं हा प्रश्न होता. "नको म्हण" म्हटलं की ती म्हणायची, "नको म्हण." पण तिच्या बोलण्याकडे लक्ष दिल्यावर मला एक गोष्ट कळली होती. तहान लागली की ती म्हणे, "पानी पी ले माय." हे आजीचं वाक्य. ज्या वेळी जे ऐकलं, ते त्या वेळेसकट तिनं ठेवून दिलेलं. म्हणजे 'नको' हे तिला, ज्याला खरंच नको आहे अशा माणसाच्या तोंडून, नकोच्या वेळी ऐकू यायला हवं. आणि नकोच्या बाबतीत मी तर पंचक्रोशीत पहिली!

वर्गाला सांगितलं, मला घाणेरड्यात घाणेरडी वस्तू आणून द्या. अशी आज्ञा कुठल्या मास्तरानं दिली असेल? कुणी चघळलेली दातवण आणली, कुणी बापाचं फाटकं पायताण, कुणी मेलेला भुंगा. प्रत्येक वस्तू माझ्या नाकापुढे आली की मी तळहातानं ढकलायची आणि ओरडायची, "नको!" सोंग करायची गरजच पडत नव्हती. वर्ग हसून लोळायचा. मग मुलं एकमेकांना तेच करू लागली. नियम एकच. कुणी नको म्हटलं की वस्तू तिथल्या तिथे मागे. त्यात लबाडी करणाऱ्याचा कान मी लाल केला. पोर टकळी फिरवत बसलेली असायची, बघतेय की नाही कळायचं नाही.

मग तिच्यापुढेही वस्तू धरू लागलो. पाटी पुसायचं ओलं फडकं तिला सहन होत नसे. एका सकाळी शेजारच्या मुलीनं ते तिच्यापुढे धरलं, आणि हिनं तळहातानं ढकललं. "नको." माझाच आवाज, माझंच मुरडलेलं नाक. शेजारणीनं फडकं झटकन पाठीमागे लपवलं. पोर त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली, आणि खुदकन हसली. तोवर तिला हसताना मी पाहिलं नव्हतं.

पुढे सगळ्यालाच नको. पाटी नको, पाढे नको, बाई नको. मला इतका आनंद झाला होता की पाढे राहिले तर राहू देत म्हटलं. पोरीच्या हातात पहिल्यांदाच काहीतरी आलं होतं, आणि ते चालत होतं.

गुरुवारी मी माझा वर्ग व्हरांड्यात अगदी पुढे बसवला. पिंजरा आला, पेरू आला. पोपटानं टोचलं, टाकलं. आजीनं फोड उचलली. हेडमास्तर जबडा धरायला वाकले, तेवढ्यात पोरीनं हात वर केला आणि खणखणीत म्हणाली,

"नको."

माझा वर्ग आजीच्या हाताकडे बघत होता. फोड आता मागे जाणार, हे त्या लेकरांना ठाऊक होतं.

आजीनं किंकाळी फोडली. "बोलनी वं माय! मन्ही पोरगी बोलनी! मिठ्ठूनी वाचा दिधी!" तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. हेडमास्तरांनी टोपी काढून पुन्हा घातली. "बघा!" ते सगळ्या शाळेला म्हणाले, "स्वतःहून बोलली! प्रयोग यशस्वी!" आणि टाळ्या वाजवायला लागले. मग बाकीची शाळाही.

मी ओरडले, "अहो, ती नको म्हणतेय!"

"तेच तर, बाई! म्हणतेय ना!"

आजीनं त्या आनंदाच्या भरात पिंजऱ्यातून आणखी मोठी फोड काढली. पोर पुन्हा म्हणाली, "नको." 'को' म्हणताना तोंड उघडतं. तेवढ्यात प्रेमानं, रडत रडत, आजीनं ती फोड आत सारली. मी म्हातारीच्या हातावर फटका मारला, उरलेली खाली पडली. हेडमास्तरांनी ती उचलली, फुंकर मारली आणि आजीच्या हातात परत दिली. माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं, जणू देवळात मी पायताण घालून शिरले होते.

गावात गूळ वाटला. माझ्या घरीही आला, तो मी गाईला घातला. आसपासच्या गावांतून लोक आपापली न बोलणारी पोरं हेडमास्तरांकडे आणू लागले, आणि तो पोपट खाऊन खाऊन पिंजऱ्यात वळेनासा झाला.

पुढच्या गुरुवारी पोर आपल्या पायांनी व्हरांड्यात गेली. पिंजरा अजून खुंटीला लागला नव्हता. ती त्याच्या खाली उभी राहिली, आणि कुणी काही म्हणायच्या आत, 'नको' न म्हणता, तिनं फोडीसाठी तोंड उघडून धरलं.