मरळीचा एक्स-रे

देवाजी मासे विकायचा आणि कशावरही विश्वास ठेवायचा नाही. दोन्हींचा संबंध होता. कुरखेड्याच्या बाजारात फुगल्या पोटाची मरळ दिसली, की गिऱ्हाईक ती आधी चिरायला लावतं. तिनं गिळलेल्या मासोळीच्या वजनाचे पैसे कोण देणार? अशा बाजारात उमेदवारी केलेल्या माणसाला जगाचंच पोट फाडून बघावंसं वाटतं.

२००३ साली गावच्या शाळेत छातीच्या तपासणीचं शिबिर आलं. देवाजीची बायको गोकुळा पावसाळ्यापासून खोकत होती; आता थुंकीत रक्त दिसू लागलं होतं. देवाजी तिला घेऊन आला, पण मशीन बघून दारातच थबकला. चंद्रपूरला त्यानं पाहिलेलं एक्स-रेचं मशीन खोलीभर होतं. इथे सुटकेसएवढी पेटी.

"हे एवढुसं?"

शिबिराच्या डॉक्टरबाईंसोबत प्रणित नावाचा संशोधक आला होता. त्याला उत्साह आवरेना. "हे काहीच नाही काका. आमच्या प्रयोगशाळेत लेझरचा झोत धातूवर मारून एक्स-रे काढायचे प्रयोग चाललेत. जमलं तर याहून बारीक दिसेल, तेही टेबलावर मावणाऱ्या यंत्रातून."

लेझरचं नाव काढायला नको होतं. जत्रेत मिळणारा लाल ठिपका देवाजीला ठाऊक होता.

"थो तं पोट्टे सिनेमाच्या पडद्यावर मारतेत. तळहाताच्या पार जात नाई, छातीच्या काय जाते?"

तो लेझर वेगळा, आणि ही पेटी तर लेझरची नाहीच, असं प्रणितनं समजावलं. इतके खुलासे करणारा माणूस देवाजीच्या अनुभवात शिळा मासा विकत असे. त्यानं सोबतच्या टोपलीतली मरळ काढून टेबलावर ठेवली.

"आधी इचा काढा."

वाद घालण्यापेक्षा डॉक्टरबाईंनी काढला. फिल्म धुऊन आली. काट्यांची रांग, आणि पोटाच्या जागी आणखी एक छोटा सांगाडा. देवाजीनं सुरी काढून मरळ तिथंच चिरली. आत मासोळी होती.

"खरं हाय," तो गोकुळाला म्हणाला. "चाल, उभी राय."

गोकुळा हलली नाही. ती सुरीकडे बघत होती. "माह्या फोटोत काई निंगालं, तं मलेबी चिरून पाहान काय?"

सगळी शाळा हसली, गोकुळा सोडून. सुरी डॉक्टरबाईंच्या खणात गेल्यावरच ती उठली.

तिच्या फिल्मवर उजव्या फुप्फुसाच्या वरच्या बाजूला धुरकट डाग होता. टीबी वाटतो, थुंकी तपासू, असला तर गोळ्यांनी बरा होतो, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. देवाजीनं फिल्म खिडकीसमोर धरून बराच वेळ पाहिली. खात्री करून द्या, असं काही तो म्हणाला नाही.

"बाई," त्यानं विचारलं, "गोळ्या कुठी भेटतेत?"