पायांची अक्षरं

छापखान्यात शिशाच्या अक्षरांना खिळे म्हणत, आणि ते जुळवून मी पोट भरायचो. त्यात एक जुना इंग्रजी टाइप होता. अक्षरांच्या टोकांना बारीक पाय, अंग कुठं जाड, कुठं नाजूक. दिसायला खानदानी. लग्नपत्रिकेवर शोभला असता, पण आमच्या गिऱ्हाइकांना तो नजरेसमोर नको असायचा. कारण मिलच्या नोटिसा त्यातच छापायच्या, असा तिथल्या साहेबांचा हट्ट होता. कामावरून काढलं, पाळी बंद, सगळं त्यातच. विणकरांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण गेटवरचे ते पाय लांबून ओळखू यायचे. कारकून बाहेर येऊन मजकूर सांगेपर्यंत बायका रडायला लागलेल्या असायच्या.

एका उन्हाळ्यात काढलेले कामगार गेटसमोर ठाण मांडून बसले. शेवटी साहेब नमले. सगळ्यांना परत घेतल्याची नोटीस माझ्याकडं जुळवायला आली.

"मालक, बातमी चांगली हाय. दुसऱ्या टायपात करू की," मी म्हणालो.

"मिलचा टाइप तोच. गप जुळव."

गेटवर पहारेकरी माझा थोरला भाऊ होता. छापलेला कागद मीच नेऊन दिला आणि मजकूर सांगितला. तो खुश झाला.

"अण्णा, आधी वरडून सांग, मग चिकटव."

"हात खळीनं भरलेत रं. चिकटवतो, मग सांगतो की."

कागद भिंतीला लागला आणि लोकांना पाय दिसले. पहिला दगड कागदावर बसला. दुसरा अण्णाच्या डोळ्यावर. "परत घेतलंय, समद्यांना घेतलंय!" तो ओरडत होता, पण ऐकतंय कोण? मग काठ्या आल्या. मी त्याच्या अंगावर आडवा पडलो, माझे दोन दात तिथंच पडले. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! कारकुनानं बाहेर येऊन नोटीस वाचली तेव्हा काठ्या थांबल्या. मारणाऱ्यांपैकीच एकानं अण्णाला उचलून दवाखान्यात नेलं. "चुकलं की ओ," म्हणत तो रडत होता. मी त्याला माफ केलं नाही. आजही केलेलं नाही.

अण्णाचा डोळा गेला. तो घरी येऊन बसला तोच मिलची नवी नोटीस जुळवायला आली. एका डोळ्यानं पहारा जमणार नाही, म्हणून पहारेकऱ्याला कामावरून कमी केलं होतं. टाइप तोच.

अण्णाच्या नावाचं पहिलं अक्षर हातात घेतलं आणि माझं डोकं फिरलं. अख्खा खण फरशीवर उपडा केला. लाकडी हातोडा घेऊन सापडेल तो खिळा ठेचला. मालक आडवे आले, त्यांना भिंतीवर आपटलं. शिसं मऊ असतं, पाय लगेच चेपतात. मला त्याचं फार बरं वाटलं.

ती नोटीस दुसऱ्या छापखान्यानं छापली, साध्या, बिनपायांच्या अक्षरांत. मी रस्त्यापलीकडं उभा राहून बघत होतो. सकाळची पाळी तिच्यासमोरून गप्पा मारत आत गेली. कुणी दगड उचलला नाही.