नोनाची हाक

मेल्कीआजोबांची रीत गावात सगळ्यांना ठाऊक होती. पांगारा फुलला की नोनाला घेऊन जायचं, तिच्या पायातलं करवंटीचं कडं दोरीनं उंच फांदीला बांधायचं, भोवती बारीक फासे लावायचे आणि खाली बसून राहायचं. नोना म्हणजे पर्किची. मुठीएवढी, हिरवी, पोपटाच्या जातीतली, फुलांतल्या मधावर जगणारी. ती हाक मारायची आणि थवा उतरायचा. एकेका सकाळी वीस-वीस. ते किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्याकडे जायचे. नोना तेवढी घरी यायची, आजोबांच्या ओठांवरून पपईचा गर चाटायची, मान खाजवून घ्यायला त्यांच्या बोटाखाली डोकं घालायची.

यंदा आजोबांना धाप लागू लागली. अंबोन शहरातून आत्याचा निरोप आला: रविवारच्या बोटीनं न्यायला येते, पक्षी मात्र नको, घरात तान्हं बाळ आहे. आजोबांनी ठरवलं, नोनाला थव्यात सोडायचं. एकटी पर्किची रानात टिकत नाही. पिंजरा उचलायला मी, त्यांची नात.

या वेळी फासे नव्हते. नोना फांदीवरून हाका मारत राहिली. चार सकाळी अशाच गेल्या.

"आजोबा, पूर्वी किती वेळ लागायचा?"

"विडा रंगायच्या आत यायचे."

"मग आता गेले कुठं सगळे?"

"घरावर पत्रा आहे ना? तुझ्या बापाची शाळा झाली ना? तिथं गेले."

शुक्रवारी पलीकडच्या टेकडीवरून उत्तर आलं. नोना थरथरली, पुन्हा ओरडली. पुन्हा उत्तर. आजोबांनी तिची दोरी फांदीवरून सोडून तिला छातीशी धरलं आणि धाप विसरून ओढ्यात उतरले. "आहेत गं! अजून आहेत!"

टेकडीवर पांगाऱ्याखाली ओबेत बसला होता, शेजारच्या गावचा फासे लावणारा. वर फांदीवर एकच नर, पायात करवंटीचं कडं.

"म्हणजे सकाळपासून तुमचीच बाई बोंबलत होती?" ओबेतनं कपाळावर हात मारला. "मला वाटलं, आज नशीब उघडलं. आठवडा झाला, पीससुद्धा दिसलं नाही, आजोबा!"

आजोबांची मूठ सैल झाली तशी नोना दोरीसकट उडाली आणि नराला खेटून बसली. त्यानं चोचीनं तिची मान खाजवली. तिनं डोकं खाली घातलं.

"राहू द्या माझ्याकडे," ओबेत म्हणाला. "दोघांची हाक लांब जाईल."

"बांधू नकोस तिला."

"मग पोसू कशाला? तुम्ही काय तिला चर्चमध्ये बसवली होती?"

मग पपई पार पिकलेली लागते, साखरेचं पाणी कोमट हवं, भात कधी द्यायचा नाही, एवढं आजोबांनी दोनदा सांगितलं आणि दोरीचं टोक ओबेतच्या हाती दिलं.

रिकामा पिंजरा घेऊन आम्ही उतरू लागलो. मागून दोघांच्या हाका येत होत्या, एकीला एक जोडून. ओढ्याशी आजोबा थांबले. मला वाटलं, धाप लागली. पण त्यांनी टोपी काढून डोळे मिटले होते.

"काय मागताय?" मी विचारलं.

"कुणी येऊ नये, पोरी," ते म्हणाले. "आता कुणी येऊ नये."