हुसेनभाईंचा ठराव

बारामती एमआयडीसीत पाळी सुटली की कामगार हुसेनभाईंशी हेल्मेट न काढता बोलत. गेटवरच्या कॅमेऱ्यात चेहरा दिसू नये म्हणून ही रीत हुसेनभाईंनीच पाडली होती. मोटरसायकल रस्त्यापलीकडे लावून ते उभे राहत. कोणी काच वर करू लागला की म्हणत, "राहू दे. आवाजावरनं वळखतो मी."

ते स्वतः कामगार नव्हते. लासुर्ण्याजवळच्या एका लहान गावात त्यांचं खताचं दुकान होतं आणि ते ग्रामपंचायतीचे सदस्य होते. नव्या कामगार कायद्याने संपाआधी नोटीस सक्तीची केली, तडजोडीची बोलणी चालू असेपर्यंत संपावर बंदी घातली. तालुक्यातले पुढारी गप्प राहिले. हुसेनभाईंना ते जमलं नाही. "बोलणी मालक लांबवत बसणार," ते गेटवर सांगत. "मग संप काय ईदच्या सुट्टीत करायचा?" समोरची हेल्मेटं हसली की नाही, कळत नसे.

ग्रामसभेत कायद्याविरुद्ध ठराव मांडायचं त्यांनी ठरवलं. त्यांच्या पक्षाचे तालुक्यातले नेते, सगळे त्यांना आबा म्हणत, दुकानात येऊन सांगून गेले, "हुसेनराव, पंचायत समितीचं तिकीट तुमचंच हाय. ह्या ठरावाचं तेवढं सोडा."

"तिकीट द्या, न्हायतर ठेवा, आबा. एक तरी गाव न्हाय म्हणालं, एवढं कागदावर येऊ द्या."

सभा शाळेच्या पटांगणात भरली. ठराव वाचून झाल्यावर ग्रामसेवकांनी विचारलं, "अनुमोदक?" दुसऱ्या कोणी नाव देऊन पाठिंबा दिल्याशिवाय ठराव पुढे जात नाही. गेटवर बोलणारे गावातले बरेच जण समोर होते. मान कोणी वर केली नाही. मागून आवाज आला, "भाई, युरिया कवा येणार ते सांगा." थोडं हसू झालं.

मग एक हात वर झाला. तो हुसेनभाईंच्या धाकट्या भावाचा, सलीमचा होता. सलीम एमआयडीसीत कंत्राटावर होता आणि त्याचं कंत्राट संपत आलं होतं.

"सलीम, हात खाली घे."

"माझा हात हाय, भाई."

"घरात दोन लेकरं हायती तुझ्या."

"तुमी कशाला मोजता?"

ग्रामसेवक नाव लिहू लागले. हुसेनभाई म्हणाले, "थांबा, भाऊसाहेब. मी ठरावच मागं घेतो."

तशी नोंद झाली. तिकीट तरीही दुसऱ्याला गेलं. सलीमचं कंत्राट वाढलं. त्यानंतर तो बायकामुलांना घेऊन बारामतीलगतच्या जळोचीला भाड्याच्या खोलीत राहायला गेला. निघताना भावाला म्हणाला, "लोकांच्या भावांना रोज सांगत हुता, भिऊ नका म्हणून."

हे हुसेनभाईंनीच मला दुकानात बसून सांगितलं.



गेटवर ते आता जात नाहीत. माल आणायला बारामतीला गेले की जळोचीवरून येतात. सलीमच्या खोलीबाहेर त्याची गाडी दिसली, तर तो घरी आहे एवढं त्यांना कळतं.