पहिल्या पावलाची घोषणा

जगातल्या मोठ्या गोष्टी आधी कोणीतरी जाहीर करतो आणि मग त्या घडतात. ऋषी, ज्योतिषी आणि पुढारी यांच्याच पंक्तीत मी आमच्या व्याह्यांना बसवतो. फरक एवढाच, की ते निवृत्त वाहतूक नियंत्रक आहेत. उभी हयात त्यांनी बसस्थानकातल्या खिडकीमागे बसून माइकवर गाड्या पुकारल्या. गाडी फाटकातून आत वळायच्या आधीच ती पुकारायची, ही त्यांची खासियत. लांबवर धुरळा दिसला की त्यांना पुरे. एकदा त्यांनी पुकारलेली मुरूड गाडी वाळूचा ट्रक निघाली आणि वाटेतल्या काशीदचे प्रवासी पिशव्या सावरत त्याच्यामागे धावले, असं त्यांच्या रेवदंड्यात सांगतात. व्याही ते नाकारत नाहीत. "ट्रकपण काशीदलाच चाललेला ना?" एवढंच म्हणतात.

निवृत्तीनंतर पुकारायला काही उरलं नाही आणि माणूस सुकत चालला. तेवढ्यात त्यांच्या मुलीला, म्हणजे आमच्या सुनेला, मुलगी झाली. माझा मुलगा नोकरीला मस्कतला. सून बाळंतपणासाठी माहेरी आली होती; मस्कतचे कागद होईपर्यंत मायलेकींनी माहेरीच राहावं असं ठरलं. मी अलिबागला, एकटा, कॉलेजातून निवृत्त झालेला. म्हणजे व्याह्यांच्या ओटीवर नात होती, आणि माझ्याकडे पुस्तकं.

त्यांच्या घरची एक रीत आहे. मूल पालथं पडलं की आळीत पुऱ्या वाटायच्या, रांगलं की लाडू, आणि पहिलं पाऊल टाकलं की त्याच्या मागे नारळ फोडून खोबऱ्याच्या वड्या. या रितीला व्याह्यांनी आपल्या खात्याची शिस्त लावली. एका सकाळी फोन आला. "सर, लक्ष द्या. आपली नात पालथी पडत आहे." घरी ते इथल्या बोलीतच बोलतात, पण घोषणा मात्र शुद्ध भाषेत. मी रिक्षा करून पोचलो तोवर पुऱ्या वाटून झाल्या होत्या आणि नात उताणी पडून पंख्याचं निरीक्षण करत होती.

"पडली व्हती. सरळ झाली परत," व्याही म्हणाले.

"दादा, गादीखाली तुमची उशी होती," सून वडिलांना म्हणाली. "ती घरंगळली नुसती."

"घरंगळली म्हणजे पडलीच ना गो?"

दाताचंही तेच. चमचा लागून टक् वाजलं म्हणून त्यांनी पहिला दात पुकारला, शेजाऱ्यांना बोलावून बाळाचं तोंड उघडून दाखवलं, आणि सगळ्यांच्या देखत तिने तो दात गिळला. भाताचं करपलेलं शीत होतं.

मी या सगळ्याकडे, अर्थातच, वरून पाहत होतो. बालविकासावर एक जाडजूड पुस्तक मी मागवलं होतं आणि खुणा करून वाचलं होतं. त्यांच्या झोपाळ्यावर बसून मी समजावून सांगत असे, की घाई करू नये, तुलना करू नये, प्रत्येक मूल आपापल्या वेगाने वाढतं. विहीणबाईंनी एकदा कोलंबी सोलता सोलता शांतपणे विचारलं, "एवढ्यासाठी पुस्तक घेतलंत?"

पुस्तकात घाई करू नये असं लिहिलं होतं तरी मला ती होतीच. नात रांगेना तेव्हा, तिला नुसती दिशा दाखवावी म्हणून, मी ओटीवर हातागुडघ्यांवर उतरलो आणि उंबऱ्यापर्यंत गेलो. तिने माझ्याकडे पंख्याकडे पाहावं तसं पाहिलं. परत फिरताना गुडघ्याने साथ सोडली. तेवढ्यात दारात व्याही. त्यांनी मला काखेत हात घालून उभं केलं आणि आत हाक मारली, "अगो ऐकलंस काय? सर रांगायला लागले. लाडू कर!" लाडू खरोखरच झाले. आळीतली मुलं अजून मला बघून हसतात.

वर्ष भरलं. वाढदिवस झाला. नात धरून उभी राहायची, गजाला लटकायची, पण हात सोडायची नाही. आणि मस्कतचे कागद आले. पुढच्या आठवड्यात दोघी जाणार होत्या. आता ती चालायची राहिली तर चालणार ती मस्कतच्या फरशीवर, आणि आम्ही दोन म्हातारे ते फोनच्या काचेत बघणार. मी रोज रेवदंड्याला जाऊ लागलो. सुकी मासळी घ्यायला येतो, असं सांगायचो. घरात इतके बोंबील साठले, की मांजरं मला ओळख देऊ लागली. खिशात पीं पीं वाजणारे बूटही होते, अलिबागच्या बाजारातून घेतलेले. ते कोणाला दाखवायची हिंमत झाली नाही.

नवल म्हणजे व्याही गप्प होते. सोललेला नारळ ओटीच्या कोनाड्यात तयार होता, पण घोषणा नाही. मी छेडलं, "काय, या वेळी गाडी पुकारत नाही?"

"न्हाय सर," ते म्हणाले. "ही न्हाय पुकारायची."

बिचारे धास्तावले आहेत, मी मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तर व्याही पिशवी घेऊन निघालेच होते. "जरा बसा पोरीपाशी. ताजी सुरमई मिळते का बघून येतो." बायका आत होत्या. ओटीवर मी आणि नात. तिने झोपाळ्याची कडी सोडली, कोनाड्यातल्या नारळाकडे रोखून पाहिलं आणि चालू लागली. झुलत, हात पसरून, एखाद्या मानी दारुड्यासारखी.

माझ्या घशाशी आरोळी आली. ती आलीच असती बाहेर. पण तो नारळ माझा नव्हता. मी उठलो, नातीला उचललं आणि होती तिथे परत नेऊन खाली बसवलं. मग मी, जन्मभर नवसांची टिंगल केलेला माणूस, ऐकेल त्या देवाला म्हणालो, की एवढं परत एकदा दाखव.

व्याही रिकामी पिशवी घेऊन आले. पायरीवर त्यांचा पाय पडतो तोच नात उठली आणि निघाली. व्याही क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मी शक्य तेवढा थक्क झालो. तेही झाले. आणि मग आळीभर तो आवाज घुमला: "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे!" घोषणा तिथेच सोडून त्यांनी नारळ माझ्या हातात दिला. "फोडा सर. तुम्ही आधी व्हतात हितं."

मायलेकी मस्कतला गेल्या. परवा फोनवर न राहवून मी सुनेला खरं सांगितलं, की त्या दिवशी मी आधीच पाहिलं होतं आणि दादांसाठी तिला परत बसवलं होतं. ती इतकी हसली, की फोन हातातून पडला.

"बाबा, ती चार दिवस आधीच चालत होती. दादांनी बघितलं. आम्हाला दम दिला, सरांनी बघितल्याशिवाय कोणी बोलायचं न्हाय. चालली की खाली बसवायची. त्या दिवशी मुद्दाम तुम्हाला एकट्याला ठेवून गेले."

ते दिवस समुद्रातल्या मासेमारीच्या पावसाळी बंदीचे होते. होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या होत्या. त्या दिवसांत ताजी सुरमई आणायला कोणी जात नाही, हे इथल्या कोणत्याही मुलाला कळतं. माझ्या पुस्तकात ते नव्हतं.

व्याह्यांना मी काही बोललो नाही. तेही बोलत नाहीत. आता संध्याकाळी आम्ही दोघे त्यांच्या ओटीवर एकच फोन धरून बसतो. सून म्हणते, पोर आता घरभर फिरते. फक्त चार पावलं झाली, की आपणहून खाली बसते आणि परत सुरुवात करायची वाट बघते.